मटेरियलमधलं मोठं बक्षीस नेमकं कसल्या कामाला मिळतं?

तासगावहून कुपवाड एमआयडीसीत ट्रेनिंगला येणाऱ्या, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी या तिघांना मिळालं. धातूचे अणू आणि कार्बनी रेणू जोडून आतून पोकळ, सच्छिद्र असे स्फटिक बनवल्याबद्दल. तिचं म्हणणं, हे तर सरळ मटेरियलचं काम आहे. मग मटेरियल सायन्सचं वेगळं नोबेल का नाही? अशी बक्षिसं कसल्या कामाला देतात? फाउंड्रीतल्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध पोचतो का? आणि एम.टेक. मटेरियलमध्ये करू की नोकरी धरू?

मी सांगली-मिरज पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमध्ये मेटलर्जिस्ट म्हणून काम करत आलोय, आधी लॅबला, मग मेल्टिंगला. तेव्हा उत्तर त्याच बाजूने येणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नोबेलच्या मृत्युपत्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता एवढेच विषय होते. मटेरियलचं काम त्यातल्या पहिल्या दोन दारांपैकी एका दाराने आत जातं. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पत्रा, २०१० मध्ये भौतिकशास्त्रातून गेलं, लिथियम-आयन बॅटरी २०१९ मध्ये रसायनशास्त्रातून. मटेरियलची म्हणून जी वेगळी बक्षिसं आहेत त्यात अमेरिकेच्या मटेरियल्स रिसर्च सोसायटीचा व्हॉन हिप्पेल पुरस्कार मोठा मानतात. १९७६ मध्ये तो पहिल्यांदा दिला तो खुद्द आर्थर व्हॉन हिप्पेल यांनाच, आणि २०१७ मध्ये आपल्या सी. एन. आर. राव यांना मिळाला. नॅनोसायन्ससाठी २००८ पासून एक वर्षाआड काव्हली पुरस्कार असतो. आपल्याकडे १९५८ पासून ४५ वर्षांखालच्या संशोधकांना भटनागर पुरस्कार मिळत आला; आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांमध्ये सामावला आहे. नावं एवढी पुरेत. खरा प्रश्न दुसरा आहे, कसल्या कामाला?

माझं मत सरळ सांगतो. या क्षेत्रातली बरीच मोठी बक्षिसं अशा माणसांना मिळाली आहेत, ज्यांच्या हातात नियमात न बसणारा एक नमुना आला आणि त्यांनी तो भंगारात टाकला नाही. पण तेवढ्याने भागत नाही. नमुना विचित्र दिसण्याची जेवढी साधी कारणं असू शकतात, ती सगळी त्यांनी एकेक करून तपासून बाद केली. बक्षीस या दुसऱ्या भागाचं असतं. पहिला भाग आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच.

शार्ल एद्वार गियोमचं उदाहरण घे. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते एका मिश्रधातूसाठी. आइन्स्टाइनला मिळालं त्याच्या आदल्या वर्षाचं हे नोबेल. गियोम पॅरिसजवळच्या सेव्हर इथे आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात होता. लांबीची प्रमाण पट्टी प्लॅटिनम-इरिडियमची असायची, म्हणजे भयंकर महाग. स्वस्त धातू शोधताना निकेल मिसळलेल्या पोलादाचे काही नमुने त्याने मोजले, तर त्यांचं प्रसरण हिशोबात बसेना. काही अपेक्षेपेक्षा जास्त वाढत होते, काही फारच कमी. मग निकेलचं प्रमाण पायरीपायरीने बदलून ओतलेले नमुने त्याने पोलाद कारखान्याकडून घेतले आणि एकेक मोजत गेला. ३६ टक्के निकेलच्या आसपास प्रसरण जवळजवळ थांबतं हे त्यातून निघालं. तेच इन्व्हार. एक मीटरची साधी पोलादी पट्टी १० अंशांनी तापली की साधारण ०.१२ मिलिमीटर वाढते. इन्व्हारची वाढ त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. आज द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या जहाजांच्या टाक्यांना आतून इन्व्हारचे पातळ पत्रे लावतात, कारण उणे १६० अंशांच्या आसपासही ते आकसून शिवणीवर ताण आणत नाहीत. बक्षिसाच्या मानपत्रात निकेल-पोलादाच्या या विक्षिप्त वागण्याचाच उल्लेख आहे.

आता ज्याची गोष्ट मी प्रत्येक नव्या ट्रेनीला सांगतो तो माणूस, डॅन शेश्टमन. इस्राएलमधल्या टेक्निऑनचा हा प्राध्यापक रजा काढून अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आला होता. काम होतं ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूचं. वितळलेला धातू वेगाने फिरणाऱ्या चाकावर सोडायचा, म्हणजे सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने तो थिजतो आणि पातळ फीत तयार होते. ८ एप्रिल १९८२ ला त्याने अशीच एक फीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातली आणि विवर्तनाचं चित्र घेतलं, म्हणजे अणूंच्या मांडणीवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांनी उमटवलेले ठिपके. मधल्या ठिपक्याभोवती दहा ठिपक्यांचं कडं. त्याने वहीत नोंद केली, दहापदरी, आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं.

यात एवढं बिचकण्यासारखं काय, हे तुला समजायला हवं. स्फटिक म्हणजे एकच नक्षी सगळीकडे पुन्हा पुन्हा, अशी त्या वेळची व्याख्या होती. घरात फरशी बसवताना षटकोनी फरशा घेतल्या तर एका कोपऱ्यात १२० अंशांचे तीन कोन येतात, ३६० पूर्ण, फट राहत नाही. चौकोनी घेतल्या तरी तेच. पण सारख्या पंचकोनी फरशा घेतल्या तर १०८ चे तीन कोन मिळून ३२४ होतात, फट उरते, आणि चौथी बसत नाही. म्हणून पाचपदरी आणि दहापदरी सममिती (एका फेऱ्यात पाच किंवा दहा वेळा सारखंच दिसणं) स्फटिकात अशक्य, असं प्रत्येक पुस्तकात छापलेलं होतं. त्यामुळे असं चित्र दिसलं की कुणीही धातुशास्त्राचा माणूस पहिल्यांदा एकच म्हणणार: ट्विनिंग आहे. म्हणजे साधेच स्फटिक वेगवेगळ्या कोनांत एकमेकांना चिकटलेत आणि त्यांच्या ठिपक्यांची सरमिसळ होऊन दहाचा भास होतोय.

शेश्टमनलाही आधी तेच वाटलं, आणि त्याचं मोठेपण इथे आहे. त्याने लगेच ट्विन शोधायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉनचा झोत बारीक करत एकेका लहान जागेचं चित्र घेतलं. ट्विन असते तर जागा लहान केल्यावर दहा ठिपक्यांचं कडं तुटायला हवं होतं. ते तुटलं नाही. नमुना फिरवून फिरवून इतर दिशांनी पाहिलं तेव्हा पाचपदरी, तीनपदरी, दोनपदरी अक्ष नेमक्या ठरलेल्या कोनांवर सापडले. सोपं कारण उरलं नाही.

पुढची दोन वर्षं त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. गटाच्या प्रमुखाने त्याच्या टेबलावर स्फटिकशास्त्राचं प्राथमिक पुस्तक आणून ठेवलं, आणि नंतर गट सोडायला सांगितलं. पहिला लेख एका नियतकालिकाने परत केला. अखेर इलान ब्लेख, डेनिस ग्राशियास आणि जॉन कान यांच्याबरोबरचा लेख नोव्हेंबर १९८४ मध्ये छापून आला. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंगनी तरी ते मानलं नाही; हे ट्विनच आहेत असंच ते १९९४ मध्ये जाईपर्यंत म्हणत राहिले. दरम्यान १९८७ च्या सुमारास अशा स्फटिकांचे, म्हणजे क्वासिक्रिस्टलचे, चांगले मोठे नमुने वाढवता आले, क्ष-किरणांनीही तेच दाखवलं, आणि १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली. नोबेल २०११ मध्ये आलं, शेश्टमन एकट्याला. वहीतल्या त्या नोंदीनंतर २९ वर्षांनी.

आता आपल्या शेडमध्ये ये. तू ट्रेनिंगला आहेस तिथे एसजी आयर्नची, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या बिडाची, कास्टिंग होतात असं लिहिलंयस. पंपाची केसिंग असो की ट्रॅक्टरचा हब, या पट्ट्यात एसजी शेकडो माणसांची भाकरी चालवतं. ते ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्या कीथ मिलिसला नोबेल मिळालं नाही, पण गोष्ट त्याच जातीची आहे.

साल १९४३, युद्धाचे दिवस. क्रोमियमची टंचाई होती. मिलिस अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होता आणि झीज सोसणाऱ्या पांढऱ्या बिडात क्रोमियमऐवजी काय चालेल हे शोधत होता. एकेक मूलद्रव्य घालून पाहताना मॅग्नेशियमची पाळी आली. पुढे लॅडलमधल्या (वितळलेला धातू न्यायच्या भांड्यातल्या) साध्या बिडात त्याने तांबं-मॅग्नेशियमचं मिश्रण टाकून पाहिलं, आणि थिजलेल्या धातूत ग्राफाइटच्या पट्ट्या न दिसता गोळे दिसले. शोधत होता क्रोमियमचा पर्याय, सापडलं दुसरंच. १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फाउंड्रीवाल्यांच्या अधिवेशनात इंग्लंडच्या मॉरोनी सीरियम घालून असेच गोळे मिळवल्याचा निबंध वाचला, तेव्हा निकेल कंपनीच्या माणसांनी श्रोत्यांतून उठून आपलं मॅग्नेशियमचं काम जाहीर केलं. पेटंट १९४९ चं.

ग्राफाइटचा आकार बदलला तर एवढं काय होतं? ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या बिडात, ग्राफाइटच्या पट्ट्या म्हणजे धातूच्या आत आधीच पडलेल्या भेगा. ताण आला की पट्टीच्या टोकाशी तो गोळा होतो आणि तडा तिथून धावतो, म्हणून ग्रे आयर्न ताणलं तर जवळजवळ न वाढता तुटतं. गोळ्याला टोकच नसतं. ५००/७ ग्रेडचं एसजी ५०० मेगापास्कल ताण सोसून वर ७ टक्के लांबतं. कार्बन, सिलिकॉन जवळपास तेच. फरक साधारण ०.०४ टक्के मॅग्नेशियमचा.

हे तू रोज बघतेस, पण एकदा सावकाश बघ. मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं आणि आपला धातू पंधराशेच्या आसपास असतो, म्हणून लॅडलच्या तळाच्या खिशात फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियम ठेवून वर पोलादाचं पंचिंग, म्हणजे पत्र्याचे कापलेले तुकडे, दाबतात, नाहीतर धातू पडायच्या आत सगळं जळून जाईल. पांढराशुभ्र लखलखाट होतो तो उकळून जळणाऱ्या मॅग्नेशियमचा. तेव्हापासून घड्याळ सुरू. मॅग्नेशियम उडत राहतं, गंधकाला चिकटून स्लॅगमध्ये जातं, आणि पोअरिंगला दहा-बारा मिनिटांहून उशीर झाला तर शेवटच्या मोल्डांत गोळे बिघडायला लागतात. त्याला आपण फेडिंग म्हणतो. म्हणून शेवटच्या बॉक्सचा (साच्याचा) लग, म्हणजे कास्टिंगला जोडून ओतलेला तपासणीचा तुकडा, तोडून लॅबला पाठवायचा असतो, पहिल्याचा नव्हे. जुने मेल्टर कास्टिंग टांगून हातोडीने ठोकतात: एसजी झालं असेल तर घंटेसारखं लांबवर वाजतं, नसेल तर बद्द आवाज येऊन विरतो. नमुन्याला नायटल (पृष्ठभाग कोरणारं नायट्रिक ॲसिडचं द्रावण) लावल्यावर मायक्रोस्कोपखाली काळा गोळा, त्याभोवती फेराइटचं (जवळजवळ शुद्ध लोखंडाचं) पांढरं कडं आणि बाहेर पर्लाइट (फेराइट आणि लोह-कार्बाइडचे आळीपाळीचे थर), असं बुल्स आय दिसतं. मला अजूनही ते पाहिल्यावर आनंद होतो.

आणि गोळे बिघडले तर काय दिसतं? मॅग्नेशियम थोडं कमी पडलं की ग्राफाइट गोळाही होत नाही, पट्टीही राहत नाही. जाड, आखूड, टोकं गोलसर असलेल्या अळ्यांसारखं होतं. सुरुवातीची बरीच वर्षं ते बिघडलेलं एसजी म्हणून रिजेक्ट व्हायचं. मग कुणीतरी त्या बिघडलेल्या मालाचे गुण नीट मोजले. ताकद ग्रे आयर्नपेक्षा बरीच जास्त, आणि उष्णता एसजीपेक्षा चांगली वाहून नेतं. आज कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न या नावाने त्याचे मोठ्या डिझेल इंजिनांचे ब्लॉक ओततात. आपल्याकडे किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, साताऱ्यात कूपरांची फाउंड्रीही जुनी. या भागाला शंभर वर्षांहून जास्त ओतकामाचा अनुभव आहे. भट्टीत परत गेलेल्या लगांमध्ये बघण्यासारखं काय काय होतं याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. विचित्र दिसणारा नमुना बहुतेक वेळा खरोखरच चुकलेला असतो. पॉलिश करताना ग्राफाइट उपटून निघालं, एमरीचे ओरखडे राहिले, एच (ॲसिडने कोरणं) जास्त झाला, भलत्याच हीटचा (भट्टीच्या दुसऱ्याच खेपेचा) लग आला. म्हणून शेश्टमनचा धडा उलट्या बाजूने घ्यायचा नाही. लोक मानत नाहीत म्हणजे आपण बरोबर, असं होत नाही. तो बरोबर ठरला, कारण ट्विन शोधण्याचं काम त्याने टीकाकारांच्या आधी स्वतः केलं होतं.

निळ्या एलईडीतही असंच काहीसं घडलं. निळा प्रकाश देऊ शकणाऱ्या गॅलियम नायट्राइडचा नाद बहुतेकांनी सोडला होता, कारण त्याचा पी-टाइप थर, म्हणजे एलईडीला लागणारा धन-भार वाहणारा थर, बनत नव्हता. नागोयात अकासाकी आणि अमानो यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आपला नमुना जास्त उजळतोय असं दिसलं. बघण्यासाठी लावलेल्या झोतानेच नमुन्यात बदल होत होता. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं नाही, आणि त्यातून पी-टाइप थराची वाट सापडली. पुढे नाकामुरांनी त्यामागचं कारण उलगडून साध्या तापवण्यानेही ते जमतं हे दाखवलं. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांचं.

तू वाचलेल्या २०२५ च्या नोबेलबद्दल मला भावलेली एक गोष्ट आहे. रॉबसन मेलबर्नमध्ये शिकवायचे. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना रेणू दाखवण्यासाठी त्यांना लाकडी गोळे आणि काड्यांची मॉडेलं हवी होती. विद्यापीठाच्या वर्कशॉपला गोळ्यांना भोकं पाडून द्यायला सांगायचं, तर भोक कुठे आणि किती कोनात हे आधी ठरवून द्यावं लागलं. मॉडेलं जोडताना त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा ठरल्या की पुढचा सांगाडा आपोआप ठरतो. मग खऱ्या अणू-रेणूंनी हे का करू नये? १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू घेऊन हिऱ्यासारख्या मांडणीचा, पण आत मोठ्या पोकळ्या असलेला स्फटिक दाखवला. तो नाजूक होता, सहज ढासळायचा. कितागावांना सुरुवातीला अनुदान देणाऱ्यांनी विचारलं, याचा उपयोग काय? १९९७ मध्ये त्यांनी अशा सांगाड्यांतून वायू आत-बाहेर करता येतो हे दाखवलं. १९९९ मध्ये यागींनी एमओएफ-५ नावाचा असा धातू-कार्बनी सांगाडा बनवला, जो रिकामा करून ३०० अंशांना तापवला तरी टिकतो; दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढं आतलं क्षेत्रफळ. याच जातीच्या पदार्थाने यागींच्या गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटी हवेतून पाणी काढून दाखवलं. दुष्काळी जत, आटपाडीच्या बाजूच्या माणसाने ही ओळ वाचली तर तो दोनदा वाचेल.

बक्षिसं कुणाकडे जात नाहीत, हेही सांगतो. प्रक्रिया बसवणाऱ्या माणसांकडे ती फार कमी जातात. स्टेनलेस स्टीलच्या हॅरी ब्रिअर्लीला नोबेल नाही. पोलादवाल्यांचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं, १९२० मध्ये. विमानं ज्याच्यामुळे धातूची झाली ते ड्युरॅल्युमिन शोधणाऱ्या आल्फ्रेड विल्मलाही नाही. अलीकडे थोडा फरक पडलाय. इंग्लंडचा क्वीन एलिझाबेथ इंजिनीअरिंग पुरस्कार २०२२ मध्ये मासातो सागावांना दिला, निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकासाठी. महागड्या कोबाल्टच्या जागी साधं लोखंड का चालत नाही, एवढाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला होता. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरींत बहुतेक ठिकाणी तेच चुंबक आहे, आणि घरच्या बीएलडीसी पंख्यांतही आता ते येतंय. काम १९८२ च्या सुमाराचं, पुरस्कार ४० वर्षांनी. तेव्हा बक्षिसाकडे बघून विषय निवडायचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाक. हिशोब जमणार नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. माझा सल्ला, आधी वर्षभर तरी फाउंड्रीच्या किंवा हीट ट्रीटमेंट शॉपच्या लॅबमध्ये काम कर आणि मग एम.टेक.ला जा. मेल्टिंगला मुलगी कशी उभी करायची, असं अजून काही ठिकाणी ऐकवतात. दबू नकोस, लॅब आणि पोअरिंग दोन्ही मागून घे. नुसती स्पेक्ट्रोची, म्हणजे धातूतल्या घटकांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची, स्लिप वाचणाऱ्याला मटेरियल कळत नाही. रिजेक्ट झालेल्या हीटचे लग मागून घे, कापून पॉलिश कर, आधी एच न करता आणि मग एच करून फोटो काढ, आणि प्रत्येक फोटोखाली हीट नंबर, ट्रीटमेंटची वेळ, पोअरिंग संपल्याची वेळ आणि मॅग्नेशियमचा आकडा लिही. हा संग्रह मुलाखतीत तुझ्या मार्कांपेक्षा जास्त बोलेल.

गेटला मेकॅनिकलचा पेपर दे, आणि जमलं तर जोडीला एक्सई (इंजिनीअरिंग सायन्सेस) पेपर. त्यात मटेरियल सायन्स हा विभाग निवडता येतो. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई, तिन्हीकडे धातुशास्त्राचे जुने, भक्कम विभाग आहेत. कोण कोणता पेपर धरतं हे दर वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच ठरव. आणि जवळच हवं असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर बरीच वर्षं चांगलं काम चाललंय. एका दिवशी जाऊन त्यांची प्रयोगशाळा बघून ये, विद्यार्थ्यांशी बोल. कुपवाडहून तासा-दीड तासाचं अंतर आहे.